मनासारखी खोली

रंगाऱ्याने खरवडायची पट्टी भिंतीला टेकवली, वरून खाली एक लांब ओढ दिली आणि हात तिथेच थांबवला. पांढऱ्या रंगाचा सुकलेला पापुद्रा गुंडाळी होत त्याच्या पायापाशी पडला.

“ताई, जरा इकडे या.”

ती स्वयंपाकघरात डब्यातला नवा रंग काडीने ढवळत होती. काडी तशीच हातात धरून बाहेर आली.

“हा रंग तुम्ही आधी इथे लावून बघितला होता का?”

“मी कशी लावीन? किल्लीच परवा मिळाली मला.”

रंगारी बाजूला झाला. भिंतीवर हातभर जागा सोलली गेली होती. वर पांढरा, त्याच्याखाली सायीसारखा पिवळट थर आणि त्याच्याखाली हिरवा.

हा हिरवा पानाचा नव्हता, पोपटाचाही नव्हता. सुकलेल्या शेवाळावर धूळ बसावी तसा होता. डोळ्यांत न भरणारा, पण एकदा बघितला की दुसरीकडे बघायची घाई होऊ न देणारा. असाच रंग तिने तीन खेपा घालून दुकानात बनवून घेतला होता. आधी राखाडी वाढवायला लावली, मग पिवळ्याचा एक थेंब, मग तो जास्त झाला म्हणून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी दुकानदार म्हणाला होता, “बाई, भिंत रंगवायची आहे की नवरी?”

तिने काडीचं ओलं टोक जुन्या हिरव्याच्या शेजारी टेकवलं आणि वाळेपर्यंत उभी राहिली. ओला रंग खोटं बोलतो, हे तिला ठाऊक होतं.

गेली चोवीस वर्षं ती खोटे दात बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करत होती. तिच्या टेबलावर सोळा छटांचे सोळा दात ओळीने लावलेली एक पट्टी असे. लोकांना वाटतं, दात पांढरे असतात. तिला कुणाचाही दात बघून सांगता यायचं, की हा मुळाशी मधासारखा आहे, टोकाला निळसर आहे आणि मध्ये चहाने आपलं काम केलं आहे. सारखा रंग आणि तोच रंग यांतला फरक ओळखणं हाच तिचा धंदा होता.

काडीचा डाग वाळला. तिने मान एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून कलवली. खिडकी पूर्ण उघडली आणि परत येऊन बघितलं.

सारखा नव्हता. तोच होता.

“जुळली म्हणायची तुमची नि आधीच्या बाईंची आवड,” रंगारी हसून म्हणाला. त्याला बोलायला आवडे, आणि पट्टी चालत असताना बोललं की हात दुखत नाहीत असं त्याचं म्हणणं होतं. “खोलीच सांगते ताई, मला काय हवंय ते. उजेड असा आडवा येतो ना, म्हणून तसाच रंग सुचतो माणसाला.”

“असेल,” ती म्हणाली.

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. आता शेहेचाळीस पूर्ण झाली होती, तरी धाकटीच. भाऊ तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. त्याच्या घरात ती राहिली, आईजवळ. आईचं एक अंग लुळं पडलं ते कायमचं. पुढची अकरा वर्षं धाकटी लॅबमधून थेट घरी येत होती. दादा सकाळी चष्म्याच्या दुकानात जाताना आईच्या दारात उभा राहून “आई, बरं आहे ना?” विचारायचा आणि उत्तर यायच्या आत जिना उतरायचा. वाईट नव्हता तो. त्याला आजारीपण बघवत नसे. आई गेल्यावर वहिनी म्हणाली, “आता ही खोली तुझीच गं,” आणि दुसऱ्या दिवशी जास्तीच्या गाद्या, जुना मिक्सर आणि मुलीच्या कॉलेजची पुस्तकं त्या खोलीत आणून ठेवली. पडदे वहिनीच्या पसंतीचे. चादरी वहिनीच्या पसंतीच्या. धाकटीची पसंती कुणी मोडून काढली होती असंही नाही, ती कुणी कधी विचारलीच नव्हती.

म्हणून हे घर. तिसऱ्या मजल्यावर एक मोठी खोली आणि तिला लागून स्वयंपाकघर. चौकटीच्या कागदावर तिने महिनाभर आराखडे काढले होते. कुठल्या मासिकातलं बघून नाही, कुणाला विचारून नाही. रिकाम्या खोलीत पहिल्यांदा उभी राहिली तेव्हाच तिला सगळं जागच्या जागी दिसलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं होतं, आपल्यालाही आवड आहे.

दुपारी वहिनीचा फोन आला.

“रंग कुठला देतेयस?”

“हिरवा.”

“अगं, दवाखाना वाटेल. आणि पलंग कुठे लावणार?”

“खोलीच्या मधोमध.”

“मधोमध? लोक हसतील.”

“हसतील त्यांचे दात दिसतील,” धाकटी म्हणाली. “चांगले असले तर मीच केलेले असतील.”

वहिनी हसली. धाकटीलाही बरं वाटलं. दादा कसा आहे असं विचारल्यावर वहिनी म्हणाली, नेहमीसारखाच, दुकान एके दुकान.

तिसऱ्या दिवशी आरशाचं काम होतं. आरसा तिला बाहेरच्या खोलीत नको होता, स्वयंपाकघरात हवा होता, शेगडीच्या समोरच्या भिंतीवर. तोही वरून किंचित पुढे झुकलेला.

“फोडणी देताना तोंड बघणार का?” रंगाऱ्याने विचारलं.

“असाच हवाय मला.”

तिने पेन्सिलने खूण केली. रंगाऱ्याने ड्रिल लावलं आणि लगेच बंद केलं. त्याने तर्जनी भिंतीत घातली. भोक बुजवायला भरलेल्या लांबीचा पातळ टवका निघून आला, आणि आत लाकडाची जुनी खुंटी दिसली, भिंतीबरोबर सपाट कापलेली. पेन्सिलची खूण बरोबर तिच्या मध्यावर होती.

“दुसरी खूण करा,” तो म्हणाला.

दुसरी खूण बरोबर वीतभर वर होती. आरसा झुकावा म्हणून ती अशीच असायला हवी होती. तिथेही खुंटी निघाली.

रंगारी या वेळी हसला नाही. त्याने जुन्या खुंट्या काढल्या नाहीत, त्यांतच स्क्रू फिरवले. ते लोण्यात गेल्यासारखे गेले. आरसा लागला. शेगडीपाशी उभं राहून धाकटीने वर बघितलं, तर बाहेरच्या खोलीचा मधला भाग, जिथे अजून काहीच नव्हतं, तेवढाच आरशात दिसत होता.

चौथ्या दिवशी पलंग आला. त्याआधी जमिनीवरचं जुनं मेणकापड उचलायचं होतं. ते गुंडाळत नेताना धाकटीला पायाला काहीतरी लागलं. फरशीत बोट बुडेल एवढा खळगा होता. मग दुसरा. तिने मेणकापड पुरतं ओढून काढलं. चार खळगे, खोलीच्या मधोमध, आयताच्या चार कोपऱ्यांवर. फार वर्षं फार जड काहीतरी एका जागी उभं राहावं, रोज थोडं थोडं हलावं, असे ते गुळगुळीत झिजले होते.

पलंग घेऊन आलेल्या दोघा हमालांना तिने जागा सांगितली नाही. खिडकीकडे बघत उभी राहिली. मागे “जरा अलीकडे, जरा अलीकडे” असं चाललं होतं आणि मग पलंगाचे पाय एकदम खाली बसल्याचा आवाज आला.

“बसला,” हमाल म्हणाला. “जागेवर बसला.”

ती स्वतःची समजूत घालू शकत होती आणि तिने घातलीही. आईचा पलंग दादाच्या घरी कपाटामुळे भिंतीला लावावा लागे. अकरा वर्षं एकाच बाजूने ओणवं होऊन चादर बदलताना तिची कंबर गेली होती. मग आता पलंग मधोमध हवासा वाटणार नाही तर काय? कुणाही बाईला वाटेल. आधीच्या बाईलाही वाटलं असेल. तेवढंच.

तरी दुसऱ्या दिवशी लॅबमधून परत येताना ती एका पडद्यांच्या दुकानात शिरली आणि तिथला सगळ्यात भडक केशरी पडदा घेतला. केशरी रंग तिला लहानपणापासून आवडत नसे. दुकानात तो अंगावर धरून बघतानाच तिला किळस आली, आणि त्या किळसेनेच तिला थोडा धीर आला. हा तरी कुणाला सुचला नसेल.

पडद्याची दांडी जुनीच होती. तिच्या टोकाचा गोळा फिरवून काढला तेव्हा आतल्या आट्यांमध्ये अडकलेली एक चिंधी तिच्या हातात आली. अंगठ्याएवढी. कडेला विटलेली, पण दुमडलेल्या जागी ऊन लागलं नव्हतं, तिथे रंग जसाच्या तसा होता.

ती स्टुलावरून खाली उतरली आणि पलंगावर बसली. केशरी पडदा मांडीवरच राहिला.

“ताई,” रंगारी दारातून म्हणाला. तो दाराजवळचा कोपरा खरवडत होता. “बोलू का नको असं होतंय. मी या कोपऱ्यात जरा खोल गेलो होतो, सहज. हिरव्याच्या खाली निळा चुना आहे. आणि निळ्याच्या खाली परत हिरवा.”

“तोच?”

“ते तुम्ही सांगायचं.” त्याने पट्टी पॅंटला पुसली. “त्याच्याखाली पिवळी माती लागली आणि तिच्या कडेला परत थोडा दिसला. मग मी थांबलो.”

ती उठून बघायला गेली नाही.

घर विकलं होतं ते आधीच्या मालकीणबाईंच्या भाच्याने. त्याचा नंबर कागदपत्रांत होता. मावशी आता वृद्धांच्या निवासात असतात, तो म्हणाला, कुणी भेटायला आलं तर त्यांना आवडतंच. कशासाठी, हे त्याने विचारलं नाही. ती रविवारी दुपारी गेली.

म्हातारीची खोली लहान आणि नीट होती. पलंग भिंतीला, खुर्ची पलंगाला, भिंतीवर काही नाही. ती स्वतःही लहानखुरी होती, केस मुलासारखे कापलेले. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली होती, आणि समोरचा बोलायला लागला की ती डोळे मिटून ऐके.

“मी तुमच्या घरात राहायला आलेय,” धाकटी म्हणाली.

“ते कळलं. आवाजावरून घाबरलेली दिसतेस.” म्हातारीने डोळे उघडले. “बस. चहा येईल आता. इथे चहा मागावा लागत नाही, हीच एक चैन.”

धाकटीने पर्समधून एक पुठ्ठ्याचा तुकडा काढला. त्यावर तिने रंगाचा पट्टा ओढून आणला होता. म्हातारीने चष्मासुद्धा लावला नाही. बघितलं आणि परत दिला.

“ठेव. ओळखते मी त्याला.”

“तुम्ही लावला होता?”

“लावला. त्या खोलीत पहिल्यांदा शिरले आणि वाटलं, हाच. भिंती तेव्हा निळ्या होत्या. खरवडल्या तर खाली हाच निघाला.” ती हसली. तिचे पुढचे दात तिचे नव्हते, धाकटीच्या लक्षात आलं, काम चांगलं होतं. “तुझ्याच वयाची होते मी तेव्हा. कुणाचं ऐकायचं नाही असं ठरवून घर घेतलं होतं.”

“आणि पलंग?”

“मधोमध.”

“आरसा?”

“शेगडीसमोर, जरा वाकवलेला. आणि केशरी पडदा.” म्हातारीने नाक मुरडलं. “तो मात्र मी मुद्दाम आणला. मला केशरी मुळीच आवडत नाही.”

तेवढ्यात चहा आला. धाकटीने कपबशी खुर्चीच्या हातावर ठेवली आणि पडू नये म्हणून धरून बसली.

“मग काय झालं?”

“काही नाही. झकास तीन महिने गेले. अशी झोप मला आयुष्यात लागली नव्हती. चौथ्या महिन्यात माझी मोठी बहीण आली. आमचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं, कशावरून ते आता आठवतही नाही. दारात उभी राहिली. आत आली, त्या पलंगावर आडवी झाली, म्हणाली, किती बरं वाटतंय गं इथे. मग तीन वर्षं उठली नाही.”

बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. ती पुढे जाईपर्यंत म्हातारी थांबली.

“आणि मग मला एकेक कळायला लागलं. पलंगाभोवती दोन्ही बाजूंनी फिरता येत होतं, कूस बदलायला, चादर ओढायला. मी चहा करत असले तरी आरशात ती दिसायची. भिंतीचा रंग असा, की दिवसभर नुसतं बघत पडलं तरी डोळ्यांना खुपायचा नाही. आणि पडदा तिला फार आवडला. ऊन आलं की म्हणायची, माझ्या गालांवर रंग आला बघ.” ती बोटांनी चादरीची घडी सारखी करत राहिली. “ती खोली मी माझ्यासाठी लावलीच नव्हती. मला आपलं वाटत होतं, की माझी आवड.”

“तुमच्या आधी तिथे कोण होतं?”

“एक गृहस्थ होते. शेजारी सांगायचे, बायकोचं सगळं हातांनी करायचे. त्यांच्या आधीचं मला माहीत नाही. बहीण गेल्यावर मी सायीचा रंग दिला, आणि निघताना पांढरा. म्हटलं, पुढच्या माणसाला तरी आपल्या मनासारखं करू दे.” तिने पुठ्ठ्याच्या तुकड्याकडे हनुवटीने खूण केली. “तर तू हा घेऊन आलीस.”

धाकटीने पुठ्ठा पर्समध्ये टाकला.

“मी अकरा वर्षं आईचं केलंय,” ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. “आता मी कुणाचं काही करणार नाहीये.”

“नको करूस. कुणी सांगितलंय?”

“मी सगळं बदलणार आहे.”

“बदल की,” म्हातारी म्हणाली, लहान मुलाला म्हणावं तशी. मग डोळे मिटून तिने विचारलं, “तुला कोण कोण आहे?”

“कुणी नाही.” धाकटी उठली. “म्हणजे भाऊ आहे. वहिनी आहे. भाची बाहेर असते शिकायला.”

“हं,” म्हातारी म्हणाली. धाकटी दारापर्यंत गेली तेव्हा तिचा आवाज आला, “तीन वर्षं वाईट गेली नाहीत गं. ते सांगायचं राहिलं.”

घरी पोचल्यावर तिने चपला न काढताच पलंगाला हात घातला. तो हलेना. खळग्यांत पाय रुतले होते. तिने पाठ लावली, भिंतीला टाच रोवली आणि एकेक पाय उपसून काढला. फरशीवर पांढरे ओरखडे पडले. पलंग भिंतीला लागला तेव्हा ती घामाने भिजली होती. मग आरसा उतरवला आणि तोंड भिंतीकडे करून कपाटामागे सरकवला. रंगाऱ्याला फोन केला.

“उद्या पांढरा घेऊन या. सगळीकडे पांढरा.”

“हिरवा अर्धा झालाय, ताई.”

“त्याच्यावर लावा. दोन हात, तीन हात, काय लागतील ते.”

“बरं,” रंगारी म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती.

फोन ठेवायच्या आधी तिने दादाचा नंबर काढला. अंगठा त्यावर धरला. काय विचारणार? तू बरा आहेस ना? अकरा वर्षं तो रोज हेच विचारत होता आणि उत्तरासाठी थांबत नव्हता. आणि विचारून उत्तर आलं तर? तिने फोन पालथा ठेवला. वहिनीचं म्हणणं आठवलं, नेहमीसारखाच. तिला ते बराच वेळ पुरलं.

भिंतीला लावलेल्या पलंगावर तिला नीट झोप लागली नाही. सकाळी उठली तर ती पार पलंगाच्या कडेला आली होती. भिंतीकडची बाजू मोकळी होती, कुणाला तरी जागा करून द्यावी तशी. तिने उशी उचलून त्या बाजूला टाकली आणि लॅबला रजा कळवली.

रंगारी साडेदहाला आला. पांढऱ्याचे दोन डबे, मोठा ब्रश, जुनी वर्तमानपत्रं. वर्तमानपत्रं पसरत असताना घंटा वाजली.

दारात दादा होता.

सोमवारी सकाळी अकरा वाजता तो दुकान सोडून कुठे जात नसे. बाप गेला त्या वर्षीही त्याने चौथ्या दिवशी दुकान उघडलं होतं. धाकटीने घर घेतल्यापासून तो इकडे फिरकला नव्हता, आणि रस्ता विचारायलाही त्याचा फोन आला नव्हता. तीन जिने चढून आल्यामुळे तो कठड्याला धरून उभा होता. बगलेत कापडी पिशवी होती, दुकानात चष्म्यांच्या फ्रेमा न्यायची.

“सहज आलो,” तो म्हणाला. “या बाजूला काम होतं.”

“ये.”

तो उंबऱ्यापाशीच थांबला आणि तिथून आत बघायला लागला. अर्ध्या भिंतीवरचा हिरवा, खिडकीपाशी स्टुलावर पडलेला केशरी पडदा, जमिनीवरचे ओरखडे. त्याच्या शर्टाची कॉलर इस्त्रीची होती आणि गळ्याभोवती इतकी सैल होती, की आत दोन बोटं गेली असती. तो बघत राहिला. चेहरा हळूहळू सैल होत गेला, लांबच्या प्रवासातून आलेल्या माणसाचा होतो तसा.

“छान केलंयस गं,” तो म्हणाला. “मला वाटलं नव्हतं तुला असं काही... शांत वाटतं इथे.”

“ताई,” आतून रंगाऱ्याने विचारलं, “डबा उघडू?”

तिने मागे वळून न बघता हाताने थांबायची खूण केली. दादा बोटांनी पिशवीचा बंद पिळत होता. चाळीस वर्षं लोकांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावणारा माणूस, पण त्याची नजर तिच्यावर ठरत नव्हती. तिने विचारायचं नाही असं ठरवलं होतं. ओठ घट्टही मिटले होते.

“डॉक्टर काय म्हणाले?” तिने विचारलं.

दादाने चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला.

“मी अजून घरीसुद्धा बोललो नाहीये,” तो म्हणाला. “आत्ता तिथूनच येतोय. तुला कुणी सांगितलं?”

आत वर्तमानपत्राचा कागद चुरचुरला आणि थांबला. जिन्यात खालून कुणाची तरी पावलं वर येत होती. ती पावलं दुसऱ्या मजल्यावर दार उघडून आत गेली. धाकटीने पुढे होऊन त्याच्या बगलेतली पिशवी घेतली. आतल्या फाईलचे कोपरे तिच्या हाताला लागले.

“आत ये आधी,” ती म्हणाली.